जैबूची काठी

"तुझी जोड कुठाय?"

वीस-बावीस वर्षांनी तालमीच्या दारात उभी राहिले होते, लेकीचा जुना ट्रॅकसूट घालून. म्हातारा "ये, बस" म्हणेल, निदान "कोण गं तू?" असं तरी विचारेल, एवढीच माझी अपेक्षा. कसलं काय! वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. पत्र्याच्या डब्यातल्या तेलात फडकं बुडवून दांडपट्ट्याचं पातं पुसत होते आणि मान वर न करता त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"वस्ताद, मी रत्ना. चोपदारांची रत्ना."

"डोळं गेल्यात व्हय माझं? बघितलं की. जोड कुठाय म्हणून इचारलं."

"एकटीच आलेय."

"मग एकटीच परत जा."

झालं. पहाटे उठून, डबे करून, अंगातली सगळी हाडं गोळा करून मी आले होते ते हे ऐकायला.

इथं आमच्या तालमीचा रिवाज सांगायला हवा. काठी, पट्टा, तलवार हे मर्दानी खेळ कोल्हापुरात पुष्कळ ठिकाणी शिकवतात आणि तिथं कुणीही कुणाबरोबर खेळतं. आमच्या पेठेतल्या ह्या तालमीत मात्र जोड बांधतात. ज्या कट्ट्यावर गणपती बसतो आणि मोहरमात पीराचे पंजेही बसतात, त्या कट्ट्यासमोर दोघींना उभं करायचं. एकमेकींच्या कपाळाला तिथलीच माती लावायची आणि काठ्या बदलायच्या. तिची काठी माझ्याकडं, माझी तिच्याकडं. पुढं काठी खेळायची ती फक्त त्याच जोडीबरोबर. ही जोड सुटायलाही एकच रीत. त्याच कट्ट्यासमोर दोघींनी एकदा खेळायचं आणि एकीनं दुसरीच्या हातातली काठी पाडायची. काठी पडली की जोड सुटली. मग जिची काठी तिनं घेऊन घरी जायचं.

माझी जोड म्हणजे जैबुन मुजावर. आमच्याच बोळातली. तिचा बाप तालमीच्या दाराशी स्टोव्ह दुरुस्त करायचा. लग्न होऊन ती गारगोटीला गेली, मी उचगावला. भांडण नाही, तंटा नाही. तिला लेकरं झाली, मला झाली, तिची सासू आजारी, माझी सासू आजारी. मधे एक-दोनदा मयतीला भेटलो असू. तिच्या काठीनं मी इतकी वर्षं साड्या वाळत घालत होते, उंच दोरीवर हात पुरत नाही म्हणून.

"वस्ताद, जैबू गारगोटीला. ती कशी रोज येणार?"

"मग सोडवून घे. रीत म्हाईत हाय न्हवं?"

"ह्या वयात रीत कसली घेऊन बसलाय? शहरात कराटेचे क्लास पैशाला पासरी पडलेत."

"मग जा की तिकडं. मी काय धरून ठेवलंय?"

मी गेले नाही. कोपऱ्यातला खराटा घेतला आणि मैदान झाडायला लागले. म्हातारा बघत होता. जरा वेळानं म्हणाला, "बैठका मार. काठीला हात लावायचा न्हाई." दहाव्या बैठकीला माझे गुडघे असे वाजले, की व्यायाम करणाऱ्या पोरी वळून बघायला लागल्या.

"का आलीस?" वस्तादांनी आता नीट विचारलं.

"हात उठंना झालाय," मी म्हटलं.

मी एसटीत कंडक्टर. दिवसभर उभं राहून पायांवर निळ्या शिरांचं जाळं आलेलं, घसा बसलेला तो बसलेलाच. तरी माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो आणि "पुढं सरका, गाडी मागनं पण वाढत न्हाई" म्हटलं की माणसं सरकतात. तर गणपतीच्या आधीची गोष्ट. राधानगरीची संध्याकाळची फेरी, गाडी ठेचून भरलेली. एक जण पिऊन चढला. तिकीट मागितलं तर शिव्या. दुसऱ्यांदा मागितलं तर त्यानं काडकन माझ्या कानफटात दिली. सगळ्या गाडीसमोर. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, दोघा-तिघांनी त्याला खाली उतरवला, बायका म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, पिलेला हाय." गाडी पुढं निघाली. मी तिकिटं फाडत राहिले.

मार लागल्याचं मला काही नाही वाटलं. आईच्या हातचा ह्यापेक्षा जास्त खाल्लाय. पण त्याचा हात येताना मी बघितला होता. लहानपणापासून वार अडवायला शिकलेली मी, माझा हात साधा आडवासुद्धा आला नाही. पिशवीवर होता, तिथंच राहिला. त्या दिवसापासून गाडीत कुणी घाईनं जवळ आलं की माझी मान आपोआप खांद्यात जायची. फेरी संपेपर्यंत जीव मुठीत. नवरा म्हणाला, ऑफिसात टेबलाचं काम मागून घे. डेपोतले साहेबही तयार होते. म्हणाले, दसऱ्यानंतर सांगा काय ते. गाडीचा मलाही कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? पण एका दारुड्यानं मला माझ्या गाडीतनं उतरवावं, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. हात उठतो का नाही, एवढं मला बघायचं होतं. उठला तर गाडी, नाही तर टेबल.

हे सगळं वस्तादांना सांगितलं. ते पट्टा पुसतच राहिले. "जोड घेऊन ये," एवढंच म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी गारगोटीची गाडी धरली. जैबूची पिठाची गिरणी स्टँडच्या मागच्या बोळात. लांबूनच तिचा आवाज येत होता. गिरणीचा नव्हे, जैबूचा. गिरणीच्या वर आवाज काढून ती कुणाला तरी सांगत होती, "आईशप्पथ सांगते, काल रात्री टाकी लावलीय जात्याला, भरड येणारच न्हाई!" तिला ऊठसूट आईची शप्पथ घालायची सवय. त्यापायी वस्तादांनी तिला कितीदा मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

मला बघून तिनं बटण बंद केलं. पांढरी फटक, भुवयासुद्धा पिठाच्या.

"रत्ने! कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"बिनमयतीची आलीस? आईशप्पथ? मग बस की!"

मिठी मारली तर माझा निळा ड्रेस अर्धा पांढरा. मग हसलो. हसताना तिचे मागचे दोन दात गेलेले दिसले, माझेही तिला दिसले असतील. चहा येईपर्यंत तिनं एकीचे गहू टाकून घेतले. डबा उजव्या हातानं छातीशी आवळून, कडेवर पोर घ्यावं तसा वर चढवला आणि ओतला. गिरणीचा पट्टा सरकला होता, तो एका काठीनं चाकावर चढवला. काठी तेलानं आणि पिठानं काळी झालेली, पण टोकाचं लोखंडी कडं मी ओळखलं.

"ही माझी काठी?"

"मग कुणाची? सासऱ्यानं दोनदा चुलीत घालायला काढली होती. म्हटलं, हात लावून बघा."

चहा पिता पिता मी तिला गाडीतलं सांगितलं. जैबू बशी तशीच धरून ऐकत राहिली.

"आणि तू गप उभी ऱ्हायलीस?"

"हात उठला नाही जैबू."

ती बराच वेळ माझ्या हाताकडं बघत होती. मी वस्तादांचं म्हणणं सांगितलं, जोड सोडवायचं. ते सांगताना मला वाईट वाटलं. वर्षानुवर्षं भेटायचं नाही आणि भेटायला यायचं ते हे मागायला. ती उठली, पदरानं काठीवरचं पीठ पुसलं.

"तू काय रोज गारगोटीहून येणार आहेस का?" मी म्हटलं. "म्हणून आपलं..."

"न्हाई येणार. कुठनं येणार? गिरणी कोण बघंल?" मग म्हणाली, "शुक्रवारी आमच्यात लाईट नसती. शुक्रवारी येते. गिरणीच्या पट्ट्याला आता दुसरं दांडकं बघाय पायजे."

शुक्रवारी पहिल्या गाडीनं ती आली. बुरखा खुंटीला अडकवला, ओढणी कमरेला आवळली आणि वस्तादांच्या पायाला हात लावला. म्हातारा तिला म्हणाला, "जाड झालीस." ती म्हणाली, "तुमी वाळलासा, म्हणून मी जाड दिसते." तो हसला. मला बघून एकदाही हसला नव्हता.

हलगीवाला आला नव्हता. वस्तादांनी तेलाच्या डब्यावरच ठेका धरला. दोघी कट्ट्यासमोर सलामी देऊन उभ्या राहिलो. मी तिची काठी धरलेली, तिनं माझी. पोरी कडेनं बसल्या होत्या. त्यांना वाटलं असणार, ह्या दोन म्हाताऱ्या आता काय करणार.

आमचा हा चार वारांचा फेर. पहिला डोक्याला, दुसरा उजव्या खांद्याला, तिसरा डाव्या दंडाला, चौथा नडगीला. एकीनं मारायचे, दुसरीनं काठी आडवी घालून अडवायचे. अडवताना कमी पडली तर काठी हातातून निसटते. मी मारणारी, ती अडवणारी, वस्तादांनीच ठरवलं. पहिला मारला, अडला. दुसरा अडला. शरीर कसं लक्षात ठेवतं बघा, पाय आपोआप बदलत होते. तिसरा मारला आणि काठी अर्ध्या वाटेतच मंदावली. तिच्या काठीला नुसती टेकली. चौथा मारला.

"तिसरा मेला काय गं?" वस्ताद ओरडले.

हेच वाक्य! लहानपणी रोज ऐकलेलं. चौदाव्या वर्षी जैबू पेरू काढताना भिंतीवरनं पडली होती. डावं कोपर मोडलं. हाडवैद्यानं बसवलं, पण जरा वाकडंच बसलं. तेव्हापासनं तिसरा वार मी आखूड करायची. तिला कुणाला सांगायचं नव्हतं, सांगितलं असतं तर वस्तादांनी तिचा खेळच बंद केला असता. म्हणून बोलणी मी खायची. तिसरा मेला काय गं, भित्री कुठली. जैबू मागनं मला चिंच आणून द्यायची. लग्न होईपर्यंत असंच चाललं.

दुसरा फेर. पुन्हा तिसऱ्याला हात मंदावला. मी ठरवलं नव्हतं. हात आपला आपण थांबत होता. तिसरा फेर, तेच. मला धाप लागली. जैबूनं काठी खाली टेकवली.

"का सोडतीस?"

"तुझा हात..."

"माझ्या हाताला काय झालंय?"

मी पोरींकडं बघितलं, आवाज खाली केला. "कोपर तुझं."

"कोपर दोन म्हैन्यात बरं झालं होतं," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कवाच बरं झालं होतं."

"काहीतरी बोलू नकोस. रोज म्हणायचीस दुखतंय म्हणून."

"म्हणायचे. तुझ्यासाठी म्हणायचे. तुला वार करता यायचा न्हाई रत्ने. काठी अंगाजवळ आली की तुझा हात लुळा पडायचा. पोरी हसायच्या तुला. म्हटलं, आपलं दुखणं सांगावं, म्हंजे हिला वाटंल माझ्यासाठी सोडती. तुझं भ्याव मी माझ्या हातावर झाकलं. एवढी वर्षं!"

माझ्या कानात गरम काहीतरी भरलं. "जैबू, गप."

"गप कशाला? गाडीत हात उठला न्हाई म्हणून रडत आलीस माझ्या दारात. उठायला आधी कधी उठला होता का? त्या बेवड्यानं काय न्हाई केलं. तुझ्यात नव्हतंच ते."

मला संताप आला. कशाचा म्हणून सांगू? वस्तादांची बोलणी मी खाल्ली, भित्री म्हणून मी मिरवले, आणि आज पोरींसमोर ही मलाच सांगते, की ते सगळं खरं होतं! राधानगरीच्या गाडीतला सगळा अपमान मला परत जसाच्या तसा आठवला, कानफटात बसलेला तो आवाजसुद्धा. डबा वाजायला लागला होता. जैबूनं काठी आडवी घेतली, पाय रोवले.

"मारतीस का रडतीस बघू आता!"

पहिला. दुसरा. तिसऱ्याला मी कंबरेतनं फिरले आणि जेवढं अंगात होतं तेवढं घातलं. हात थांबला नाही. काठीवर काठी आपटली तो आवाज सगळ्या मैदानात घुमला. जैबूच्या हातातली काठी उडाली, कट्ट्यावर आपटली आणि घरंगळत वस्तादांच्या पायाशी आली.

ठेका थांबला.

"सुटली," वस्ताद म्हणाले.

मी तिथंच मातीत बसले. रडायला येत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. हात आता माझा होता. जैबू कट्ट्याला टेकून उभी होती, डोळे मिटून. मला वाटलं, दमली. मग ती आली, उजव्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"मारलास की गं," म्हणाली.

वस्तादांनी माझी काठी माझ्या हातात दिली. जैबूची तिला दिली आणि म्हणाले, "घरी गेलीस की हळद लाव." ती म्हणाली, "व्हय वस्ताद." मी म्हटलं, म्हातारा आता कुणालाही काहीही सांगतोय.

दुपारच्या गाडीला तिला सोडायला स्टँडवर गेले. वाटेत भूक लागली होती, भजी खाल्ली. तिनं उजव्या हातानं खाल्ली आणि पाण्याचा ग्लासही तो हात पुसून उजव्याच हातानं उचलला. उकडतंय म्हणून बुरखा तिनं घातलाच नव्हता, खांद्यावर टाकला होता आणि डावा हात ओढणीच्या आत होता. गारगोटीची गाडी लागली, नेहमीसारखी झुंबड उडाली. आमच्या धंद्यातली माणसं गाडीत चढणाऱ्याकडं सवयीनंच बघतात, कोण कुठं धरतंय. जैबूनं काठी आधी आत टाकली. मग दाराची डावीकडची दांडी सोडून, अंग तिरकं करून, उजव्या हातानं पलीकडची दांडी धरली आणि कशीबशी चढली. मागची बाई ढकलत होती, तिच्या धक्क्यानं ओढणी बाजूला झाली. कोपर नारळाएवढं सुजलं होतं.

मी खिडकीपाशी पळत गेले. ती सीटवर बसत होती, ओढणी नीट करत होती.

"जैबू, हात दाखव."

"काय हुतंय त्याला? चल, जा तू. ड्युटी न्हाई व्हय?"

मला सगळं एकदम दिसलं. गिरणीत छातीशी धरलेला डबा. वस्तादांची हळद. आणि मैदानात एवढं बोलली, एवढं तावातावानं बोलली, पण आईची शप्पथ काही तिनं घातली नव्हती. दळणाच्या भरडीवरून शप्पथ घालणारी बाई, तिनं एकदाही घातली नव्हती.

"कोपर तेव्हाच बरं झालं होतं म्हणालीस ना?" माझा आवाज फुटला. "घाल आईशप्पथ."

जैबूनं दुसरीकडं बघितलं. मग खिडकीतनं उजवा हात बाहेर काढला आणि माझा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला, वस्ताद जिंकलेल्याचा उचलतात तसा.

"ह्यो उठला न्हवं?" ती म्हणाली. "बास झालं."

गाडीचा कंडक्टर नवीन होता, दारातच अडकलेल्या माणसांशी भांडत होता. ड्रायव्हर मागं वळून वळून बघत होता, निघू का म्हणून. मी डोळे पुसले आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"जाऊ द्या," मी ओरडले. आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला.